उजवीकडून उघडणारा थिसिस

माझं शिक्षण तिसरी. पण पीएच.डी.ची पुस्तकं माझ्या मांडीवर किती आली आणि गेली, ते मला विचारा. उल्हासनगरात तीन नंबर कॅम्पात एका सिंधी शेठचं बाईंडिंगचं दुकान होतं. तिथं मी बरीच वर्षं काम केलं. कॉलेजातली शिकलेली माणसं जे मोठं पुस्तक लिहून विद्यापीठात देतात, त्याला थिसिस बोलतात. मराठीत प्रबंध. ती पानं क्रमानं लावायची, ठोकून सारखी करायची, खळ लावायची, पुठ्ठ्यावर कापड चढवायचं, हे माझं काम. आरीनं भोकं पाडून टाके घालणं आणि कटिंग मशीनवर कडा कापणं किसन मास्तरांचं. आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं शेठचं. त्याचं नाव लछूशेठ.

मी आले कशी तिथं, तर नवऱ्याचा हात गेला म्हणून. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचं घर. नवरा अंबरनाथला कंपनीत प्रेस मशीनवर होता. एक दिवस उजव्या हाताची तीन बोटं मशीनीत राहिली. कंपनीनं थोडे दिवस गेटवर बसवला, मग कंपनीच बंद पडली. रडून काय होणार होतं? दोन पोरं, सासू, आणि नवरा ओट्यावर बसून रस्त्याकडं बघतोय. आधी मी सिंध्यांच्या घरी पापड लाटायला जायची. तिथंच एका बाईनं सांगितलं, बाईंडिंगवाल्याला बाई पाहिजे, हात हलका असला पाहिजे. सासू बोलली, "काय गो, कागद शिवून पोट भरतंय का कुणाचं?" मी बोलली, "बघू या भरतंय का." भरलं.

पहिल्या पहिल्यांदा माझ्यासाठी थिसिस म्हंजे नुसता कागदाचा गठ्ठा. पण रोज तेच लावायचं म्हटल्यावर हाताला कळायला लागतं. सगळ्यात वर नावाचं पान. मग सरांनी सही केलेलं पान, की हे काम याच माणसानं केलंय. मग आभाराचं पान. मग आत काय काय कुठल्या पानावर आहे ते. मग धडे. शेवटी, कुठली कुठली पुस्तकं वाचली त्यांची नावं. विषय दगडाचा असो नाय तर देवाचा, लावायचं असंच. स्वयंपाक कुठल्याही घरचा असला तरी मीठ वाढायची जागा ताटात एकच असते, तसं.

आभाराचं पान मला फार आवडायचं. साधं मराठी असायचं, वाचता यायचं. बाकी सगळ्या पुस्तकात माणूस कुठं दिसत नाय, तिथं दिसतो. एक सर होते, अंबरनाथचे. चार प्रती बांधून घेऊन गेले आणि आठ दिवसांनी सगळ्या परत घेऊन आले. हळू आवाजात बोलले, "हे पान बदलायचंय." सासऱ्याचे आभार मानले होते, ते काढायचे होते. मधल्या काळात जमिनीवरून काय तरी झालं होतं. पान मुळापासून कापायचं, थोडी कड ठेवायची, तिच्यावर नवीन पान चिकटवायचं, असं ते काम. किसन मास्तरांनी केलं. मास्तरांचं तोंड मात्र गप बसायचं नाय. बोलले, "सर, कड जरा रुंद ठेवलीय. उद्या गोडी झाली तर सासरे परत लावता येतील."

दुसरा एक होता, त्याचा थिसिस अगदी बारीक. शेठला बोलला, जाड दिसला पाहिजे, पुठ्ठा जाड लावा, मध्ये कोरी पानं घाला. शेठ त्याच्या तोंडावर बोलला, "साईं, पुठ्ठा मी किती पण जाड लावीन. आतला माल तुझा आहे, त्याला मी काय करू?"

आणि एक पोरगा आला होता रंगाच्या कंपनीतला. नोकरी करून शिकत होता. त्याचं म्हणणं होतं की अमक्या पावडरीनं कपड्याचा रंग जास्त टिकेल. चार वर्षं करून बघितलं, नाय टिकला. तोंड पाडून पानं दिली आमच्याकडं. किसन मास्तर बोलले, "मग काळा कपडा लावू का कव्हरला?" तेव्हा दुकानात कमलादादी बसली होती. ती त्या पोराला बोलली, "बेटा, नाही हे पण उत्तर आहे. आता दुसरा कुणी त्या रस्त्यानं जाणार नाही. तेवढं काम तू केलंस." पोरगा जरा सरळ बसला. मग मरून रंगाचा कपडा लावला.

ही कमलादादी म्हंजे जिच्यासाठी मी हे सगळं सांगायला बसले ती. सिंधी लोकांत मोठ्या बहिणीला दादी बोलतात, आपल्यासारखं आजीला नाय. कॅम्पातल्या शाळेत शिकवायची. पन्नाशी ओलांडलेली, जाड चष्मा, पायात कायम त्याच चपला. तिचा विषय होता लग्नातली गाणी. फाळणीत तिकडून जे लोक आले, त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बायका लग्नात लाडा गातात. दादी घरोघरी जाऊन ती गाणी टेपवर घ्यायची आणि उतरून काढायची.

ती अधूनमधून दुकानात यायची, कागद कुठला घेऊ, मार्जिन किती सोडू, असं विचारायला. मी एकदा बोलली, "दादी, ही पानाच्या खाली एवढी बारीक अक्षरं कशाला घालतात? वाचणाऱ्याचे डोळे जातात."

ती बोलली, "हीरा, तुझ्या मुलीला स्थळ आलं तर काय करशील?"

"चौकशी करीन."

"कशाची?"

"पोरगा कसा आहे त्याची."

"हा तुझा प्रश्न झाला. आधी प्रश्न पाहिजे. मग?"

"मग आधी कुणी त्या घरात मुलगी दिली असेल तर त्यांना विचारीन."

"म्हंजे आधी लोकांनी काय बघितलं ते वाचलंस. मग?"

"मग स्वतः जाईन. शेजारी विचारीन, वाण्याला विचारीन, कंपनीत विचारीन."

"मुलाच्या मावशीला नाही विचारणार?"

"ती चांगलंच सांगणार."

"शाबास. म्हंजे कुणाला विचारायचं हे पण ठरवायला लागतं, आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला लागतो. आणि तुझ्या मनात आधीपासून असेल की पोरगा दारू पितो, तर तो नुसता तुझा अंदाज. चौकशीतून खोटा ठरला तर सोडायचा. मग घरी येऊन नवऱ्याला सांगशील, तेव्हा तो काय विचारेल?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ती बारीक अक्षरं म्हंजे तेच. कुणी सांगितलं ते."

एवढं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो बोलला, "मग आमच्या वेळेला तुझ्या बापानं थिसिस केला होता का?" मी बोलली, "केला असता तर मी इथं असते का?" हात गेल्यापासून तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

आता मुद्द्याचं. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार असेल. दादीचा थिसिस पुरा झाला. सोमवारी विद्यापीठात द्यायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी नाय दिला तर तिचं नाव कमी होणार होतं, परत पहिल्यापासून नाव घालायचं. आणि तिचे सर त्याच महिन्यात रिटायर होणार होते. म्हंजे मग सगळंच राहिलं असतं. हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

पानं हातानं लिहिलेली. उर्दूसारखी दिसणारी त्यांची लिपी, उजवीकडून डावीकडं जाणारी. टाइप करणारा मिळाला नाय म्हणून एका म्हाताऱ्या लेखनिकाकडून लिहून घेतलेली. एक ती मूळ प्रत आणि तिच्या तीन झेरॉक्स. मला ते आकडे वाचता येत नव्हते, म्हणून दादीनं प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपले आकडे घातले. मी त्यावरून चारी गठ्ठे लावून मास्तरांकडं दिले आणि दुसऱ्या कामाला लागली.

शुक्रवारी दुपारी दादी न्यायला आली. लाल कापड, सोनेरी अक्षरं, छान दिसत होतं. शेठनं दोन्ही हातांनी पुस्तक तिच्यासमोर धरलं. दादीनं त्यांच्या सवयीनं पुस्तक उजवीकडून उघडायला हात पुढं केला. तिथं बांधणी पाहिजे होती, ती नव्हती. बांधणी डावीकडं होती. आपल्या पुस्तकांना असते तिथं.

ती स्टुलावर बसली.

काय झालं ते शेठला कळेना. "छा थ्यो, दादी?"

"उलटी बांधलीस, लछू."

शेठ जातीनं सिंधी, पण जन्मला कॅम्पात आणि शिकला हिंदी शाळेत. ती लिपी त्यालाही येत नव्हती. तो पुस्तक फिरवून फिरवून बघायला लागला. दादी बोलली, "तू आमच्यातला असून तुला तुझ्या घराचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे ते माहीत नाही?"

मास्तर मागून आले. चारी प्रती बघितल्या. त्यांचा चेहरा उतरला, पण बोलले, "मी इतकी वर्षं डावीकडंच टाके घालतोय. हात तिकडंच जातो."

शेठ बोलला, "दादी, पढ़ने में तो आता है ना? चलने दो. आत कोण बघतो?"

दादीनं एक पान उघडून बोट ठेवलं. लिहिताना तिनं बांधणीसाठी उजवीकडं रुंद जागा सोडली होती. ती जागा मशीनवर कापली गेली होती. आणि डावीकडं, जिथं त्यांची ओळ संपते, तिथं टाके बसले होते. प्रत्येक ओळीचा शेवट बांधणीत गडप. ती बोलली, "गाण्याची जोड शेवटाला जुळते, लछू. तीच आत गेली. वाचणारा काय वाचणार?"

शेठ माझ्याकडं वळून बोलला, "हीरा, उद्या-परवा येशील?" मी बोलली, "येते."

झेरॉक्स परत काढायची तरी मूळ प्रतीची पानं आधी सोडवायलाच लागणार होती, आणि ती सुटेपर्यंत रविवार, झेरॉक्सवाला बंद. शनिवारी सकाळी आम्ही सुरू केलं. पुठ्ठे ब्लेडनं उतरवले, दोरे कापले. पाठीला खळ सुकून दगड झाली होती. डावीकडची कड कापून टाकता येत नव्हती, तिथं अक्षरं होती. मग कोमट पाण्यात फडकं भिजवून, पिळून पाठीवर ठेवायचं. खळ मऊ झाली की बांबूच्या पट्टीनं हळूहळू खरवडायची आणि एक एक पान सोडवायचं. जास्त ओलं झालं तर शाई फुटते, कमी झालं तर पान फाटतं. पानं दुकानभर वर्तमानपत्रांवर सुकत घातली. पंखा बंद, घाम नुसता.

मग उजवीकडं जागा कमी पडली होती म्हणून प्रत्येक पानाला तिकडून पातळ कागदाची पट्टी चिकटवायची, म्हंजे टाके पट्टीवर बसतील, अक्षर मोकळं राहील. हे काम संपतच नाय असं. मी नवऱ्याला घेऊन आली. तो उरलेल्या दोन बोटांनी पट्ट्या दाबायचा. मास्तर त्याला बोलले, "भाऊ, तुमचा हात माझ्यापेक्षा बरा. माझी पाच बोटं असून वाकडी चालली." मास्तरांचं चूक कबूल करणं ते असं. सरळ कधी बोलले नायत.

दादी आमच्यासोबत बसून होती. एक एक पान सोडवलं की बघायची, अक्षर धड आहे का. बघता बघता गुणगुणायची. रविवारी सकाळी मूळ प्रतीचं एक पान खळीला धरून बसलं आणि कोपऱ्यात फाटलं. ओळीचा शेवटचा शब्द गेला. बाकी तीन प्रतींत बघितलं, तर मास्तर भोकं एकाच मापानं पाडायचे, आरी तिन्हींत त्याच शब्दावर पडली होती.

मी बोलली, "दादी, तुला तर गाणं पाठ आहे. लिहून टाक."

"मला पाठ आहे ते माझ्या आईचं," ती बोलली. "हे दुसऱ्या बाईनं गायलंय. पाठ असणं म्हंजे पुरावा नाही."

रिक्षा करून घरी गेली आणि टेपरेकॉर्डर घेऊन आली. कॅसेट पुढं-मागं करत ती जागा शोधली. आधी भांड्यांचा आवाज आला, कुणी तरी खोकलं, मग एक म्हातारी गायला लागली. आवाज चिरका, पण सूर पक्का. मला एक शब्द कळत नव्हता. तरी मास्तरांचा हात थांबला, नवऱ्याचा थांबला. शेठ गल्ल्यावरून उठून आत आला आणि उभा राहिला. गाणं संपल्यावर ती म्हातारी टेपवर काय तरी बोलली आणि बायका हसल्या.

शेठनं विचारलं, "कोण ही?"

"दोन नंबर कॅम्पातली रुक्मण. मागच्या थंडीत गेली."

"काय बोलली शेवटी?"

"बोलली, माझा आवाज आता नवरीपेक्षा म्हशीला बरा वाटेल."

शेठ हसला आणि मग डोळे पुसायला लागला. दादीनं कॅसेट परत मागं नेऊन तीच ओळ तीनदा ऐकली. तिच्या आईच्या गाण्यात होता तो शब्द तिथं नव्हता, वेगळाच होता. तिनं तो चारी प्रतींत लिहिला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं की हे पान फाटलं होतं, टेप ऐकून परत भरलंय. मी बोलली, "हे कशाला सांगायचं? कुणाला कळणार?" ती बोलली, "म्हणूनच सांगायचं."

दुपारनंतर मास्तरांनी उजव्या बाजूनं टाके घातले. प्रत्येक भोकाआधी विचारायचे, "दादी, इकडूनच ना? नक्की?" मग चारी प्रती शिकंज्यात दाबून ठेवल्या. सोमवारी सकाळी काढल्या तेव्हा कापड अजून गार लागत होतं.

पुस्तकं जड, म्हणून शेठनं मला दादीसोबत धाडलं. मी विद्यापीठ पहिल्यांदाच बघत होते. खिडकीपाशी लाइन होती. आमचा नंबर आला. खिडकीतल्या साहेबांनी वरची प्रत उचलली, आपल्या सवयीनं डावीकडून पुठ्ठा उघडला आणि बोलले, "बाई, हे उलटं बांधलंय. परत बांधून आणा."

दोन दिवस डोळ्यांसमोरून गेले. मी बोलायला तोंड उघडलं, तर दादीनं माझा हात दाबला. शांतपणे बोलली, "साहेब, या भाषेचं पुस्तक इकडूनच उघडतं."

"आमच्याकडं सगळी अशी येतात. नियम आहे."

"नियमात बाजू लिहिलीय का? बघा ना."

"आज शेवटचा दिवस तुमचा, आणि तुम्ही मलाच नियम विचारता?"

"शेवटचा दिवस आहे म्हणूनच विचारते. उद्या विचारून काय उपयोग?"

लाइनमधले लोक कुरकुरायला लागले. साहेब उठून आत गेले. केवढा वेळ लागला ते मला माहीत नाय, मला फार वाटला. दादी खिडकीवर दोन्ही हात ठेवून उभी. मी तिच्या चपलांकडं बघत होती. साहेब परत आले, मागून आत कुणी तरी मोठ्यानं बोलत होतं, "अहो घ्या, ती लिपी तशीच असते!"

ते खाली बसले. शिक्का उचलला. आणि परत डावीकडूनच पुठ्ठा उघडला, समोर आलं त्या पानावर शिक्का मारला. एक, दोन, तीन, चार. पावती दिली. झालं.

मी ओळखलं ते पान. पट्टी मीच लावली होती त्याला. वाचलेल्या पुस्तकांच्या नावांच्याही मागं, थिसिसच्या अगदी शेवटी कधी कधी एक भाग असतो, परिशिष्ट बोलतात. जे धड्यात बसत नाय, पण ज्याच्यावाचून धडा उभा राहत नाय, ते तिथं ठेवतात. दादीच्या परिशिष्टात गाणाऱ्या बायकांची नावं होती, एकाखाली एक. कोण, तिकडच्या कुठल्या गावची, इथं कुठल्या कॅम्पात, कुठल्या बराकीत.

वर्षभरानं तिला पदवी मिळाली, ती दुकानात सगळ्यांना कोकी, त्यांची जाड पोळी, घेऊन आली, ते सगळं नंतर. त्या दिवशी आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. मी बोलली, "दादी, त्या माणसानं शिक्का शेवटच्या पानावर मारला. तू बोलली का नाय?"

"त्याचा हातच तसा आहे, हीरा. आपल्या किसनसारखा." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "या बायकांच्या नावावर आजपर्यंत शिक्का पडला तो रेशनचा. राहू दे. पडला तो बरोबर जागी पडलाय."